उद्योजकता शिकायची तर एक धंदा धरा: गोव्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी

उद्योजकता हा विषय पाठ करून उत्तीर्ण होता येते, आणि बहुतेक जण तसेच होतात. उद्योजकाचे गुण, उद्योजकतेचे महत्त्व, व्यवसाय आराखड्याचे घटक, प्रत्येकी आठ-दहा मुद्दे लिहिले की काम भागते. पण त्याच मुलाला विचारा, की तुझ्या कॉलेजच्या फाट्यावर जो रस-ऑम्लेटचा (नारळाच्या मसालेदार रश्शातल्या ऑम्लेटचा) गाडा लागतो, त्याने रोज किती प्लेट विकल्या म्हणजे त्याचे घर चालते? उत्तर येत नाही. तीन वर्षे कॉमर्स शिकून हे उत्तर येत नसेल, तर शिकण्याची पद्धत बदलायला हवी.

मी सांगतो ती पद्धत साधी आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात, चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा एक छोटा धंदा निवडायचा आणि पुस्तकातला प्रत्येक धडा त्याच धंद्यावर चालवून पाहायचा. भांडवलाचा धडा आला, तर त्या धंद्याचे भांडवल. जोखमीचा आला, तर त्याची जोखीम. दर धड्याला नवे उदाहरण शोधायचे नाही. एकाच धंद्याकडे वर्षभर पाहत राहिले, की पावसाळा, चवथ (गणेशचतुर्थी), पर्यटनाचा हंगाम आणि परत उन्हाळा असे सगळे ऋतू त्याच्या गल्ल्यात दिसतात. मग व्याख्या डोक्यात वेगळ्या कोंबाव्या लागत नाहीत.

कोर्स घेताना काय पाहावे

गोवा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट लागू झाली. त्यामुळे बी.कॉम. किंवा बी.बी.ए. न करणाऱ्यालाही मायनर, बहुविद्याशाखीय किंवा कौशल्य विषय म्हणून व्यवसायाचे मूलभूत धडे घेण्याची वाट मोकळी झाली आहे. रसायनशास्त्र शिकणारी मुलगी साबणाच्या धंद्याचा विचार करत असेल, तर तिने ही वाट जरूर धरावी. वस्तू कशी बनते हे तिला आमच्या कॉमर्सवाल्यांपेक्षा जास्त कळते.

विषय निवडण्याआधी विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा. अंतर्गत मूल्यमापनात प्रत्यक्ष पाहणीचा प्रकल्प आहे का? आणि इंटर्नशिप छोट्या स्थानिक धंद्यात केली तर चालते का? दोन्हीला होकार असेल, तर कॉलेज पणजीत आहे की डिचोलीत, याने फारसा फरक पडत नाही. उलट साखळी, खांडोळा, फर्मागुढी, विर्नोडा इथल्या मुलांना एक फायदा आहे. बाजार, शेत, औद्योगिक वसाहत आणि देवळाबाहेरची दुकाने त्यांच्या रोजच्या रस्त्यावरच असतात.

पुस्तके आणि पेपर बहुतेक इंग्रजीत, बाजारातले बोलणे कोकणीत आणि घरचे वाचन मराठीत, अशी आपल्याकडच्या अनेक मुलांची स्थिती असते. त्याचे दडपण घेऊ नका. प्रत्येक संकल्पना आधी आपल्या भाषेत दोन वाक्यांत वहीत लिहा, खाली धरलेल्या धंद्यातले उदाहरण लिहा आणि मगच पुस्तकी व्याख्या उतरवा. हा क्रम उलटा केला, की घोकंपट्टी सुरू होते.

धंदा निवडणे

निवडलेला धंदा रोख विक्रीचा असावा, मालक स्वतः तिथे उभा राहणारा असावा आणि माल आत येताना व बाहेर जाताना डोळ्यांना दिसावा. पोदेराची (पाव भाजणाऱ्याची) भट्टी, स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज, जत्रेत खाजे विकणारे कुटुंब, म्हार्दोळला जायांच्या माळा विकणाऱ्या बायका, लोणची-पापड करणारा महिला गट, रोपवाटिका, भाड्याने स्कूटर देणारा, यांतला कोणताही चालेल. मोठे हॉटेल किंवा वेर्ण्याचा कारखाना सुरुवातीला घेऊ नका. तिथे तुम्हाला स्वागतकक्ष दिसेल, हिशेब दिसणार नाही.

मी इथे रस-ऑम्लेटचा गाडा घेतो, कारण तो गोव्यात सगळीकडे आहे आणि त्याचा सगळा कारभार सहा फुटांच्या फळीवर उघडा मांडलेला असतो.

मालकाशी बोलायला गर्दीच्या वेळी जाऊ नका. गाडा लावण्याच्या वेळी, कांदा चिरणे चाललेले असताना जा. आधी चार-पाच वेळा गिऱ्हाईक म्हणून खाऊन या. मग सांगा, ‘काका, मी अमुक कॉलेजात शिकतो, आम्हाला एका धंद्याचा अभ्यास करायचा आहे, तुमचे नाव कुठे येणार नाही.’ कॉलेजचे पत्र दाखवा. हे पत्र महत्त्वाचे आहे, कारण वही घेऊन आकडे विचारणारा अनोळखी माणूस म्हणजे पालिकेचा किंवा कराचा, असा समज चटकन होतो. आणि दिलेला शब्द पाळा: अहवालात ना नाव, ना फोटो, ना नेमकी जागा.

नफा विचारू नका, ट्रे मोजा

‘महिन्याला किती सुटतात?’ हा प्रश्न कधीच विचारू नये. तो उद्धट आहे, आणि त्याचे खरे उत्तर पुष्कळदा मालकाकडेही नसते. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच खिशातून जातो, त्यामुळे त्याला महिन्याचा नफा वेगळा काढता येत नाही. त्याऐवजी दिसणारी गोष्ट मोजा.

अंड्यांचा ट्रे तीस अंड्यांचा असतो. रात्री गाडा आवरताना खाली रिकामे ट्रे किती पडलेत ते पाहा. चार ट्रे रिकामे म्हणजे १२० अंडी. दोन अंड्यांचे ऑम्लेट धरले, तर साधारण ६० प्लेट. पाव किती आणले आणि किती उरले, हे विचारले तर मालक आनंदाने सांगतो, कारण उरलेल्या पावाचे दुःख त्याला सांगायचेच असते. पावाचा आकडा आणि अंड्यांचा आकडा जुळतो का, ते पाहा. जुळत नसेल तर कारण शोधा. कोणी जास्तीचा पाव घेतो, कोणी नुसता रस-पाव खातो, कोणी उकडलेले अंडे मागतो. हे कारण सापडणे म्हणजेच बाजार समजणे.

अशी मोजणी आठवड्यातल्या वेगवेगळ्या वारी करा. सोमवार आणि गुरुवार हे अनेक हिंदू घरांत शिवराक (शाकाहार) पाळण्याचे दिवस, त्यांचा परिणाम दिसतो का? श्रावणात काय होते? पगाराच्या आठवड्यात काय होते? ही पाने जपून ठेवा. अख्ख्या अभ्यासक्रमाचा कच्चा माल त्यांच्यात आहे.

हिशेब

आता गणित. खालचे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गाड्याचे तुम्ही घाला.

प्लेट ७० रुपयांना जाते असे धरू. तिच्यात दोन अंडी १६ रुपयांची, दोन पाव १० रुपयांचे, रस १४ रुपयांचा आणि गॅस, तेल, कांदा, कागद मिळून ४ रुपये. एकूण ४४. म्हणजे प्रत्येक प्लेटमागे २६ रुपये सुटले. पुस्तक याला काँट्रिब्यूशन म्हणते. हा नफा नव्हे. गाडा उभा ठेवण्याचा खर्च अजून यातून जायचा आहे.

तो खर्च महिन्याचा मांडा. संध्याकाळचा मदतनीस १०,०००. जागेची फी आणि वीज २,०००. गाडा, शेगडी, भांडी यांचा घसारा १,५००. ने-आण, फोन आणि किरकोळ २,१००. बेरीज १५,६००. एकही प्लेट विकली गेली नाही तरी हे पैसे जाणारच.

१५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० प्लेट. हा ना-नफा-ना-तोटा बिंदू. महिन्याचे २६ दिवस गाडा लागतो असे धरले, तर रोज २३-२४ प्लेट. परीक्षेत इथे उत्तर संपते. पण माणसाचे इथून सुरू होते, कारण मालकाची स्वतःची मजुरी अजून आपण धरलेलीच नाही. दुपारी रस शिजवण्यापासून रात्री भांडी घासण्यापर्यंत तो राबतो. त्याचे महिन्याचे १८,२०० रुपये धरा. आता एकूण ३३,८०० झाले. भागिले २६ म्हणजे १,३०० प्लेट, रोज ५०. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. नारळ महागला आणि रसाचा खर्च प्लेटमागे ४ रुपयांनी वाढला, असे धरा. खर्च ४४ वरून ४८ झाला, म्हणजे सुमारे नऊ टक्के वाढ. ऐकायला किरकोळ. पण प्लेटमागे सुटणारे पैसे २६ वरून २२ वर आले. आता ३३,८०० भागिले २२ म्हणजे १,५३७ प्लेट, रोज जवळपास ६०. तेच घर चालवायला १८ टक्के जास्त विक्री हवी. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केले, की गाड्यावाला नारळाच्या भावाने इतका का अस्वस्थ होतो ते कळते. तो भाव वाढवेल, रस पातळ करेल, प्लेट लहान करेल की काही महिने गप्प सोसेल? चारही पर्यायांचे परिणाम वहीत लिहा. किंमत ठरवण्याचा धडा इथे पुरा होतो.

मग हेच हंगामाला लावा. जुलैत पावसामुळे रोज २५ प्लेटच जातात असे धरले, तर महिन्याच्या ६५० प्लेटमागे १६,९०० सुटतात. वरचा खर्च जाऊन मालकाच्या घरी येतात १,३०० रुपये. डिसेंबरात रोज ७० गेल्या, तर १,८२० प्लेट, ४७,३२० रुपये, आणि घरी येतात ३१,७२०. एकच माणूस, एकच गाडा. म्हणून गोव्यात कोणत्याही धंद्याचा आराखडा बारा महिन्यांचा, महिन्यागणिक करावा. वार्षिक आकड्याला बाराने भागून केलेला आराखडा जुलैत कोसळतो. कर्जाचा हप्ता मात्र जुलैतही तेवढाच असतो.

नफा आहे, पण पैसे कुठे आहेत?

गाडा रोखीचा आहे म्हणून त्याला एक दुखणे होत नाही, ते तुम्ही दुसऱ्या उदाहरणावरून शिका. समजा एखादी ताई हॉटेलला रोज २,००० रुपयांच्या नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल ही मिठाई पुरवते आणि पैसे ४५ दिवसांनी मिळतात. तिचे ९०,००० रुपये कायम दुसऱ्याकडे अडकलेले आहेत. नारळ, गूळ, पीठ मात्र ती रोख आणते. वहीत नफा दिसत असूनही तिच्या हातात पीठ आणायला पैसे नसतील. खेळत्या भांडवलाचा धडा एवढाच आहे, आणि माझ्या मते चालते छोटे धंदे बंद पडण्यामागे हे कारण फार वेळा असते.

२००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने इथे एक आधार दिला आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायला लहान पुरवठादार कचरतो हे खरे, पण पहिल्याच बिलावर आपला उद्यम क्रमांक (म्हणजे या नोंदणीचा क्रमांक) आणि पैसे देण्याची मुदत छापायला काहीच हरकत नाही.

विचारवंत गाड्यावर आणा

अर्थतज्ज्ञ रिचर्ड कँटिलोन याचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मते उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने विकत घेऊन अनिश्चित भावाने विकणारा माणूस. दुपारी चारला पाव आणि अंडी ठरल्या भावात घेतली जातात. रात्री पाऊस येईल की नाही, हे कोणालाच माहीत नसते. कँटिलोन समजला.

अर्थतज्ज्ञ जोसेफ शुंपीटर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवनिर्मितीचे पाच प्रकार सांगितले: नवी वस्तू, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत आणि उद्योगाची नवी रचना. गाड्यावर हे पाचही शोधा. अळंब्यांचा रस सुरू केला ही नवी वस्तू. वाटण घरी न करता एकत्र मोठ्या यंत्रावर करून घेतले ही नवी पद्धत. दुपारी कार्यालयांत डबे पोचवले ही नवी बाजारपेठ. अंडी थेट पोल्ट्रीतून आणली हा नवा स्रोत. चार गाडेवाल्यांनी मिळून खरेदी केली ही नवी रचना. पेपरात ही उदाहरणे लिहिली, तर तपासणाऱ्याला शंभराव्यांदा तोच मोबाइल फोन वाचावा लागणार नाही.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड याने यशाच्या प्रेरणेबद्दल जे मांडले, त्याचा एक प्रसिद्ध प्रयोग आपल्याच देशातला आहे. १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याच्या व्यावसायिकांना त्यासाठी प्रशिक्षण दिले गेले, आणि नंतर त्यांच्यात धंदा वाढवण्याची हालचाल जास्त दिसली. उद्योजक जन्मावा लागतो की घडवता येतो, हा प्रश्न आला की हे उदाहरण द्या. आपल्या घरांतून ‘धंदा आपल्या रक्तात नाही, सरकारी नोकरी बघ’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते, की हा प्रयोग मुलांनी मनापासून वाचावा असे मला वाटते.

उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचा २००१चा विचार सगळ्यात उपयोगी. अनुभवी उद्योजक आधी मोठे ध्येय ठरवून साधने शोधत नाहीत. हाताशी काय आहे, मी कोण, मला काय येते, माझ्या ओळखीचे कोण, इथून ते निघतात. आणि किती नफा होईल यापेक्षा किती तोटा सोसवेल, हे आधी ठरवतात. पुढे स्वतःचा प्रयोग करताना हेच वापरायचे आहे.

गिऱ्हाइकाशी बोलणे

‘असे उत्पादन आले तर घ्याल का?’ असे विचारले, की माणसे हो म्हणतात. तुम्ही शेजारची मुले, तुम्हाला नाही कोण म्हणणार? म्हणून भविष्याबद्दल विचारूच नका, झालेल्या गोष्टी विचारा. ‘काकी, गेल्या चवथीला करंज्या घरी केल्या की आणल्या? कोणाकडून? किती? किती दिवस आधी सांगितले? काय आवडले नाही?’ या प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात. त्यांत पैसे, तारीख आणि तक्रार असे तिन्ही येते.

वस्तू चांगली असणे पुरेसे नसते, याचे मराठी माणसाला माहीत असलेले उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या या माणसाला शेतकऱ्यांच्या मनातली एक भीती आधी काढावी लागली: लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल. गिऱ्हाईक नाही म्हणते तेव्हा त्यामागची भीती कोणती, हे शोधा.

जोखमीचा धडा: खाणींकडे पाहा

बाह्य वातावरण, शासकीय धोरण, एकाच बाजारावर अवलंबून असणे, हे मुद्दे गोव्यात पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २०१२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबल्या. २०१४ मध्ये मर्यादा घालून बंदी उठली. फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे ट्रक, बार्ज, गॅरेज, टायरची दुकाने, चहाची हॉटेले, भाड्याच्या खोल्या असे सगळे एका दोरीला बांधलेले होते.

तुमच्या गावात अशी घरे असतील, तर त्यांच्याशी आदराने बोला. यात कोणाचा आळस नव्हता की हिशेबातली चूक नव्हती. ट्रक घेताना हप्ता आणि फेऱ्यांचे गणित बरोबरच होते. फक्त गिऱ्हाईक एकच होते. काहींनी ट्रक विकला, काहींनी तो वाळू-खडीच्या किंवा इतर मालाच्या वाहतुकीला लावला, काही शेतीकडे वळले. कोणाला वळता आले आणि कोणाला नाही, आणि का, यावर एक पूर्ण प्रकल्प होतो. माझ्या मते तो गोव्यातल्या विद्यार्थ्याने करण्याजोगा सगळ्यात गंभीर प्रकल्प आहे. पर्यटनावर उभे असलेले आजचे धंदे पाहताना हा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवा.

स्वतःचा छोटा प्रयोग

दुसऱ्या सत्रापर्यंत स्वतः काहीतरी विकून पाहा. सोसवेल एवढा तोटा आधी ठरवा. दोघा-तिघांत मिळून ३,००० रुपये बुडाले तरी चालतील, असे ठरले तर त्यापुढे एक रुपया घालायचा नाही. मुदतही ठरवा. चवथीचा काळ यासाठी उत्तम आहे. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे) सामान, सजावटीच्या वस्तू, फराळाची आगाऊ मागणी, सगळे तारखेला बांधलेले असते. चतुर्थीनंतर माटोळीच्या सामानाला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे निकालही लगेच लागतो. जमेल तिथे आधी मागणी आणि थोडे आगाऊ पैसे घ्या, मग माल आणा. घरच्यांना विकलेले वेगळ्या रकान्यात लिहा. आत्याने घेतलेली चकली ही बाजाराची मागणी नव्हे.

रोजमेळ रोज लिहायचा. संध्याकाळी गल्ल्यातले आणि यूपीआयवर आलेले पैसे वहीशी जुळलेच पाहिजेत. यूपीआयसाठी घरच्या खर्चाचे खाते वापरू नका, एक वेगळे बचत खाते ठेवा. हे एवढे पाळले, तरी हिशेबाच्या पेपरात तुम्ही वर्गाच्या पुढे असाल.

कायदा आणि कागद

एकट्याने धंदा करायला वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही. मित्रांबरोबर करत असाल तर भागीदारीचा करार लेखी करा. १९३२च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, पण बिननोंदणीच्या भागीदारीला करारावरून दुसऱ्यावर दावा लावता येत नाही. २००८च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारी आणि २०१३च्या कंपनी कायद्याने एकल व्यक्ती कंपनी आली. पहिल्या वर्षी या दोन्हींची गरज सहसा नसते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन पुरते. पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी दलालांची असतात. खाद्यपदार्थ विकायचे तर धंदा घरगुती असला तरी अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. जीएसटीची सक्ती गोव्यात वस्तूंसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपुढे सुरू होते, मात्र राज्याबाहेर माल विकायचा असेल तर नियम आधी नीट पाहा. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे. तुमच्या गाड्याकडे विक्री प्रमाणपत्र आहे का, नसेल तर कुठे अडले, हेही अभ्यासाचा भाग करा.

गोव्यातल्या दोन गोष्टी इतर राज्यांच्या पुस्तकांत सापडणार नाहीत. पहिली, इथला नागरी कायदा. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आई-वडिलांची जागा तारण ठेवायची तर दोघांच्या सह्या लागतात, आणि १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले गेले आहे. पगाराला हे लागू नाही. दुसरी, वडिलोपार्जित घर. एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर काका, आत्या, मुंबईतले चुलत भाऊ अशी नावे असतील, तर घरातल्या खोलीत धंदा सुरू करण्याच्या परवान्यासाठी सहमालकांची ना-हरकत मागितली जाऊ शकते. धंद्याचा आराखडा लिहिण्याआधी हा उतारा काढून पाहा. भाड्याची खोली घेणे कधी कधी जास्त स्वस्त पडते.

नाव आणि ओळखीबद्दल एवढेच. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे गोव्याच्या खाज्याला आणि बेबिंकालाही. मानांकन त्या प्रदेशातल्या उत्पादकांच्या समूहाचे असते. ते अधिकृतपणे वापरायला वेगळी नोंदणी करावी लागते. तुमच्या पुडीवरचे स्वतःचे नाव ही वेगळी गोष्ट, त्यासाठी ट्रेडमार्क.

कर्ज आणि मदत

कर्जाचा धडा शिकताना प्रत्यक्ष फॉर्म हातात घ्या. पणजीच्या ईडीसी हाऊसमधून (राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यालयातून) मुख्यमंत्री रोजगार योजनेचा अर्ज आणा आणि तुमच्या गाड्यासाठी तो भरून पाहा. यंत्रसामग्री किती, खेळते भांडवल किती, स्वतःचा वाटा किती, हप्ता कुठल्या महिन्यापासून, हे सगळे तो विचारतो. मुद्रा कर्जाचे शिशु, किशोर, तरुण असे मूळ गट आहेत. ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. खादी आयोगामार्फत चालणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना नव्या उद्योगाला अनुदान देते. उद्योग भवनातल्या उद्योग संचालनालयातही चौकशी करा. अनुदान पाहून धंदा निवडू नका. जुलैचे गणित अनुदानाशिवाय बसत असेल, तरच पुढे जा.

कल्पना तंत्रज्ञानाशी जोडलेली असेल, तर नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणारी इन्क्युबेशन केंद्रे आहेत: वेर्ण्याचे सीबा, फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातले फायर आणि गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधले अटल इन्क्युबेशन केंद्र. तिथे रंगीत स्लाइड घेऊन जाणारे पुष्कळ असतात. तुम्ही तीन गोष्टी न्या: प्लेटमागचा हिशेब, बारा महिन्यांचा रोख आराखडा आणि वीस-पंचवीस गिऱ्हाइकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी.

पेपर आणि तोंडी परीक्षा

उत्तर लिहिताना व्याख्या दोन ओळींत संपवा, मग लगेच तुमचा गाडा आणा, आकडा द्या आणि त्या आकड्यावरून निष्कर्ष काढा. प्रकल्पाच्या अहवालात मोजणीची मूळ पाने जोडा, खाडाखोडीसकट. तोंडी परीक्षेला बहुधा विचारतात, की हा आकडा कुठून आला? ‘अंड्यांच्या रिकाम्या ट्रेवरून’ असे सांगा आणि तारखेसह ते पान काढून दाखवा. अहवालाची एक प्रत, मराठीत किंवा कोकणीत सोपी करून, गाड्यावाल्या काकांना द्या. महिन्यागणिक आकड्यांचे पान त्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, विशेषतः पावसाळ्याआधी किती बाजूला ठेवायचे ते ठरवायला.